फोटो माझा, आवाज भलत्याचा

मित्रांनो, ‘नंतर फोन करतो’ हे गाणं तुम्ही ऐकलं असेल, तर त्यातला ड्रमही तुमच्या लक्षात असेल. ध्रुवपदाच्या आधी सगळी वाद्यं गप्प होतात आणि तो एकटाच वाजतो. टाक्-टाक्, टटाक्, टाक्! मुलं हा ठेका वर्गात बाकांवर वाजवतात म्हणे. गाण्याच्या कव्हरवर एका जुन्या पितळी ड्रमचा फोटो आहे. कडेला पोचा आलेला, एका अंगाला पितळ काळवंडलेलं. तो फोटो माझा आहे. पण गाण्यात जो वाजतो तो मी नाही. हे सांगताना आजही माझा पारा चढतो. चढला तर चढू दे. माझं वय झालंय, आता मी कुणाची भीड ठेवणार नाही.

आधी माझी ओळख करून देतो. मी स्नेअर ड्रम. ड्रमसेटमध्ये वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध जो बसतो, तो मी. माझं अंग पितळेचं, वर आणि खाली कातडं. कातडं आपलं म्हणायचं, असतं ते प्लास्टिकचं. खालच्या कातड्याला चिकटून वीस बारीक तारांचा एक पट्टा आहे. वर काठी पडली की खाली त्या तारा शहारतात आणि त्यातून माझा तो कडक, करकरीत आवाज निघतो. तारा काढल्या तर मी नुसता डबा.

मला ज्या कारखान्यात घडवलं तिथे दिवसाला चाळीस ड्रम तयार व्हायचे. पत्रा वाकवणारा वेगळा, सांधा जोडणारा वेगळा, भोकं पाडणारा वेगळा. शेवटी एक बाई बसलेल्या असत. त्या प्रत्येक ड्रमला एकच टोला मारायच्या, मान हलवायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. मला मात्र त्यांनी दोन टोले मारले. दुसरा कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. मी ते कौतुकच समजत आलो आहे.

मला विकत घेतलं ते मामाने. मामा म्हणजे ठकीचा मामा, पण ती त्याला मामा म्हणते म्हणून मीही मामाच म्हणतो. एका मोठ्या हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी रोज संध्याकाळी वाद्यवृंद वाजायचा, त्यात मामा ड्रमवर होता. तीस वर्षं आम्ही तिथे वाजलो. लोक तिथे जेवायला येत, ऐकायला नाही. आम्ही जीव तोडून वाजवावं आणि समोरून काट्या-चमच्यांचा आवाज यावा, हा आमचा रोजचा मानसन्मान. तीस वर्षांत आमचं एकही गाणं कुणी रेकॉर्ड केलं नाही. वाजवलं की हवेत विरलं, संपलं.

त्या हॉटेलातलं आमचं व्यासपीठ स्वयंपाकघराच्या दाराला लागून होतं. वाढपी ताटं घेऊन बाहेर आला की दार धाडकन उघडायचं आणि मामाच्या उजव्या कोपरावर आदळायचं. म्हणून शेवटचा ठोका देण्याआधी मामा क्षणभर थांबून दाराचा अंदाज घ्यायचा. दार उघडत नाहीये असं दिसलं की मगच काठी पडायची. पुढे हॉटेलवाल्यांनी ते दार हलवलं, पण मामाची सवय काही हलली नाही. त्याचा शेवटचा ठोका कायम किंचित रेंगाळूनच यायचा. ऐकणाऱ्याचा श्वास अडकायचा आणि मग ठोका यायचा. दाराच्या धाकाने शिकलेली गोष्ट त्याची खासियत होऊन बसली.

ठकी त्याच्या बहिणीची मुलगी. सात वर्षांची असल्यापासून मामाने तिला माझ्यासमोर बसवलं. तिच्या हातात तो रेंगाळणारा ठोका इतका मुरला की हॉटेलातलं दार तिने कधी पाहिलंही नव्हतं, तरी ती त्याची वाट बघायची.

पुढे हॉटेलाने वाद्यवृंद बंद केला. मामाचे कानही जायला लागले. उजवा पुरता गेला आणि डाव्याला यंत्र लागलं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन-चार वर्षं डावा साथ देईल, पुढचं सांगता येत नाही. मामाने मला ठकीच्या हवाली केलं आणि सोबत सूचनांची रांग लावली. वाजवून झालं की पितळ कोरड्या फडक्याने पुसायचं. तारांचा पट्टा सैल करून ठेवायचा. आणि दर आठवड्याला सगळे स्क्रू चावीने तपासायचे. ठकीने वर्षभर सगळं मनापासून केलं. मग तिला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, भल्या पहाटेची पाळी सुरू झाली आणि माझी रवानगी धुळीसकट पिशवीत व्हायला लागली. तारांच्या पट्ट्याचा एक स्क्रू ढिला झाला. मी वाट बघितली. दोन मिनिटांचं काम होतं हो! दोन वर्षं कुणाला ती दोन मिनिटं सापडली नाहीत.

याच काळात ठकीचा बँड जमला. गाणारा होता तो राजे. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण माइकसमोर उभा राहिला की दरबार भरल्यासारखा बघायचा, म्हणून सगळे त्याला राजेच म्हणत. गिटारवाला चष्म्या. आणि बेस गिटार वाजवणारा मुनी, जो महिन्यातून चार वाक्यं बोलायचा. सराव व्हायचा गाद्यांच्या कारखान्यामागच्या एका खोलीत. भिंतींना गाद्या टेकवलेल्या असत, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. आत मात्र फोमचा भुगा इतका, की चष्म्या दर अर्ध्या तासाने चष्मा पुसायचा आणि राजे दर वीस मिनिटांनी शिंकायचा.

‘नंतर फोन करतो’ असं सांगून कधीच फोन न करणाऱ्या एका मित्रावर राजेने गाणं लिहिलं. गाणं बरं होतं, पण ध्रुवपदाच्या तोंडाशी येऊन अडखळत होतं. तीन रविवार चौघं डोकं खाजवत बसले. चौथ्या रविवारी ठकी वैतागून म्हणाली, “तुम्ही सगळे जरा गप्प बसा.” आणि तिने मामाचा ठेका वाजवला. टाक्-टाक्, टटाक्, क्षणभर काहीच नाही, मग टाक्. राजेने तिथून ध्रुवपद उचललं आणि गाणं उभं राहिलं. मुनीने त्या महिन्यातलं एक वाक्य तिथे खर्च केलं. “हे ठेवायचं,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी ठकी मला घेऊन थेट मामाकडे गेली. “मामा, तुझा ठेका रेकॉर्ड होणार आहे,” तिने त्याच्या डाव्या कानाशी सांगितलं. मामाने मामीला हाक मारून तेच वाक्य ठकीकडून पुन्हा म्हणवून घेतलं, म्हणजे त्यालाही ते दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं. तीस वर्षांचं वाजवणं वाऱ्यावर गेलं होतं. आता कान आहेत तोवर एकदा तरी ते पकडलेलं ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा होती. मला कान नाहीत, पण इच्छा माझीही तीच होती.

रेकॉर्डिंग झालं एका तळघरातल्या स्टुडिओत. मध्ये मोठी काच होती आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला बसला होता. त्याने माझ्यावर एक माइक लावला, एक खाली लावला. ठकीने गाणं सहा वेळा वाजवलं. सहाव्या वेळी जे जमलं ते पुन्हा जमणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. ठकीने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि नुसती बसून राहिली. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “छान! खालून थोडी किरकिर येतेय, पण बघू नंतर.” राजे म्हणाला, “चालेल, चालेल, पुढे जाऊ या.” ती किरकिर माझ्या ढिल्या स्क्रूची होती. बेसचा आवाज चढला की माझ्या तारा आपोआप थरथरायच्या. कुणीही चावी फिरवली असती तर थांबलं असतं. पण सगळ्यांना पुढे जायचं होतं.

आता ऐका, खरी गंमत इथेच झाली. गंमत कसली, माझं वाटोळं झालं.

पंधरा दिवसांनी रेकॉर्डिंगवाल्याने तयार गाणं ऐकायला सगळ्यांना बोलावलं. मी तिथेच होतो, मला न्यायला कुणाला सवड झाली नव्हती. कोपऱ्यात, पिशवीत, चेन अर्धी उघडी. ठकीच्या लॅबमध्ये त्या दिवशी बरोबरची बाई आली नाही, म्हणून तिला सुटता येईना. फोनवर म्हणाली, “तुम्ही तिघं ऐका ना. सहा कान आहेत तुमचे.”

सहा कान होते खरे, पण कोण काय ऐकत होतं ते मी पाहिलं. राजे फक्त राजेला ऐकत होता. दुसऱ्या कडव्यातला त्याचा एक श्वास त्याला मोठा वाटला, तो त्याने कमी करून घेतला. चष्म्या फक्त गिटार ऐकत होता आणि “अजून थोडी वर घ्या” म्हणत होता. मुनीने बेस ऐकला आणि मान हलवली. गाणं तीनदा वाजलं. ड्रमकडे कान द्यायला ड्रमवाली नव्हती, त्यामुळे ड्रम कुणी ऐकलाच नाही.

मी ऐकला. माझ्या जागी कुणीतरी भलताच वाजत होता! गुळगुळीत, भरदार, प्रत्येक ठोका पहिल्या ठोक्याची नक्कल. ना पितळेची झिलई, ना तारांचा शहारा. आणि तो शेवटचा ठोका, रेंगाळणारा, तीस वर्षांचा! तो नेमक्या वेळेवर येऊन उभा होता, घड्याळ लावून कामावर आल्यासारखा. माझ्या खालच्या तारा संतापाने थरथरायला लागल्या. हा माझा जाहीर निषेध होता, मित्रांनो, दुसरी भाषा मला येत नाही. रेकॉर्डिंगवाला उठला, म्हणाला, “काहीतरी वाजतंय तिकडे,” आणि त्याने माझ्या पिशवीची चेन बंद केली.

राजेने ‘हे गाणं आम्हाला मान्य आहे’ अशा कागदावर सही केली, आणि विषय संपला.

गाणं बाहेर पडलं शनिवारी सकाळी दहा वाजता. त्याच्या आधी चष्म्याने कव्हरसाठी फोटो काढला होता. खिडकीजवळच्या उन्हात मला ठेवलं, पोचा आलेली बाजू मुद्दाम पुढे केली. “जुनं दिसलं पाहिजे,” तो म्हणाला. दोन वर्षांत माझ्याकडे इतक्या प्रेमाने कुणी बघितलं नव्हतं.

पहिले दोन दिवस गाणं चौघांच्या नातेवाइकांनीच ऐकलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तो ठेका टेबलावर वाजवतानाचा आपला व्हिडिओ टाकला. मग दुसऱ्याने डब्यावर वाजवला. एका आजोबांनी काठीने फाटकावर वाजवला. आठवड्याभरात गाणं रिक्षात, दुकानात, शाळेच्या बसमध्ये वाजायला लागलं. लोक लिहीत होते, ‘ड्रम एकदम कडक.’ एका समीक्षकाने लिहिलं, ‘शब्द साधारण, चाल ठीक, पण या गाण्याचा प्राण म्हणजे त्यातला तो जुना पितळी ड्रम. असा जिवंत आवाज आजकालच्या यंत्रांना काढता येत नाही.’ राजेने हे गाद्यांच्या खोलीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शब्द साधारण, हे वाक्य गाळून. मला वाटलं, फुटावं आणि कातडं फाडून घ्यावं.

रेडिओवर राजेची मुलाखत झाली. “तो आवाज कसा काढलात?” असं विचारल्यावर तो म्हणाला, “आमच्या ड्रमरकडे मामाचा वारसा आहे. जुन्या वस्तूंची सर कशाला येत नाही.” ठकी लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत हे ऐकत होती आणि सुखावत होती. तिने गाणं कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण फोनच्या टीचभर स्पीकरवर, नाहीतर दुकानांतून, आणि तेही स्तुतीच्या गुंगीत. कधीतरी काहीतरी खटकलं असेलही. पण चारी बाजूंनी ‘वा’ म्हणणारे असले की माणूस खटकलेलं गिळून टाकतो.

रविवारी चष्म्याचा मोठा स्पीकर मागून घेऊन ती मामाकडे गेली. मलाही नेलं. मामीने दिवाणावरची चादर बदलली होती. मामाने दाढी केली होती आणि कानाच्या यंत्रात नवी बॅटरी घातली होती. पण कानावर त्याचा भरवसा नव्हताच. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि उजवा तळवा स्पीकरच्या लाकडावर सपाट ठेवला. डोळे मिटले. ठकीने गाणं लावलं.

पहिलं कडवं झालं, मामा मान डोलवत होता. मग तो ठेका आला. मामाची मान थांबली. दुसऱ्यांदा ठेका आला तेव्हा त्याने हात उचलून घेतला.

“गाणं चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण हा आपला नाही, ठके.”

“आपला नाही म्हणजे? मीच वाजवलाय!”

“तू वाजवला असशील. हा तो नाही. आपला शेवटचा थांबून येतो. हा थांबतच नाही. आणि हाताला खाली काही लागत नाहीये, तारा कुठायत?”

“मामा, अख्खं जग म्हणतंय ड्रम मस्त वाजलाय!”

“असेल मस्त. आपला नाही.”

आणि मग ठकी जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. “तुला आता नीट ऐकू येत नाही, मामा! मान्य कर ना एकदा!”

मामाने ते मात्र स्वच्छ ऐकलं. मामी दारात चहाचे कप घेऊन उभी होती, ती तशीच आत वळली. ठकीने स्पीकर उचलला, मला खांद्याला लावलं आणि चपलांत नीट पाय न घालताच बाहेर पडली.

दोन मजले उतरल्यावर ती जिन्यात बसली. कानांवर मोठे हेडफोन चढवले, मला मांडीवर घेतलं आणि गाणं लावून बोटांनी माझ्यावर तोच ठेका धरला. एकदा, दोनदा, पाच वेळा. प्रत्येक वेळी तिचं शेवटचं बोट गाण्यातल्या ठोक्याच्या मागून पडत होतं. गाण्यातला ठोका पुढे निघून गेलेला, आणि ती मागे कुणाची तरी वाट बघत राहिलेली. सहाव्या वेळी तिने हेडफोन काढले. दोन मजले चढून जायचं होतं फक्त. पण वर काय तोंड दाखवणार? ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ती रेकॉर्डिंगवाल्याकडे गेली. पुरावा म्हणून मलाही बरोबर घेतलं होतं. तो माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त चीड आणणारं होतं. त्याने काहीही लपवलं नाही.

“किरकिर होती ना खाली,” तो म्हणाला. “ती साफ करण्यापेक्षा आवाज बदलणं सोपं. माझ्याकडे तयार ठोके असतात, तुमच्या ठोक्यांवर ते बसवले. थोडं मागेपुढे होतं ते सरळ केलं. सगळेच करतात.”

“मला न विचारता?”

“तुमच्या तिघांना ऐकवलं की, तीनदा! कुणी हूं का चूं केलं नाही.”

“माझं मूळ कुठाय? सहाव्या वेळचं?”

त्याने एक फोल्डर उघडलं, बंद केलं. “सही झाली की महिनाअखेरीला मी सगळं पुसतो. जागा पुरत नाही हो.” मग तिच्याकडे बघून थोडा ओशाळला. “एवढं चांगलं झालंय गाणं. मला वाटलं तुम्ही आभार मानायला आलात.”

गाद्यांच्या खोलीत त्या संध्याकाळी कडाक्याचं भांडण झालं. ठकीचं म्हणणं एकच होतं, पुन्हा रेकॉर्ड करू आणि खरं ते बाहेर आणू. राजे म्हणाला, “लोकांना हे आवडलंय. आता उठून काय सांगायचं, की तुम्हाला आवडलं ते खोटं होतं?” चष्म्या म्हणाला, “पण तू का नाही आलीस ऐकायला?” ठकी म्हणाली, “तुम्ही काय ऐकलंत मग?” मुनी म्हणाला, “मी बेस ऐकला. फक्त बेस.” राजेने फोमच्या भुग्याने आलेली शिंक दाबली आणि चष्म्या चष्मा पुसत बसला. तिघांनाही लाज वाटत होती. पण नुसती लाज वाटून काही बदलत नाही, मित्रांनो. पंधरा दिवसांवर पहिला मोठा कार्यक्रम आला होता. लोकांना रेकॉर्डमधला आवाज हवा होता, आणि तो आवाज माझा नव्हता. म्हणून राजेने कुठूनतरी रबराचा एक इलेक्ट्रिक पॅड आणला. त्यावर काठी मारली की आतून तोच तयार ठोका निघायचा. हळू मारा, जोरात मारा, ठोका तोच. ठकी एकदा नाही म्हणाली, दुसऱ्यांदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा थकून हो म्हणाली.

एक कार्यक्रम झाला, मग दुसरा, मग दर आठवड्याला एक. ठकी पॅडवर वाजवायची. आणि मी? मला व्यासपीठावर पुढे एका स्टँडवर ठेवलं जायचं, अंगावर प्रकाश सोडून. कव्हरवरचा ड्रम लोकांना दिसला पाहिजे ना! बेस वाजला की मी थरथरतो म्हणून माझ्या खालच्या कातड्यात आणि तारांत फोमचा तुकडा कोंबला होता. म्हणजे माझा निषेधसुद्धा बंद. कार्यक्रम संपल्यावर पोरंपोरी माझ्याबरोबर फोटो काढायला यायची. “हाच तो! काय वाजतो ना!” एका मुलीने मला हळूच टिचकी मारली. त्या फोममुळे नुसतं थप् झालं. ती मैत्रिणीला म्हणाली, “अगं, हा तर वाजतच नाही.” मागे ठकी वायरी गुंडाळत होती. तिने ते ऐकलं. तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास ती मला घेऊन मामाकडे गेली. मामीने दार उघडलं. “आलीस? दोन महिन्यांनी वाट सापडली म्हणायची,” एवढं बोलून ती चहा टाकायला गेली.

मामा खिडकीशी बसला होता. डावा कान आता बराच उतरला होता. ठकी त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, माझं चुकलं.”

“काय?”

“माझं चुकलं!”

“मोठ्याने बोल, बाई.”

“माझं चुकलं, मामा!” तिसऱ्यांदा ती इतकी ओरडली की शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“पहिल्यांदाच समजलं होतं,” मामा म्हणाला. “ओठ वाचता येतात मला. पण गोड वाटत होतं.” ठकी हसता हसता रडायला लागली.

तिने सगळं सांगितलं. काही ओरडून, काही कागदावर लिहून. मूळ पुसलं गेलं हेही लिहिलं. तो कागद मामाने बराच वेळ हातात धरला. मग घडी घालून बाजूला ठेवला आणि मला मागितलं. माझ्या तारांखालून त्याने फोमचा तुकडा ओढून काढला आणि खिडकीतून फेकायला निघाला. मामीने तो मधेच काढून घेतला. मग त्याने मला उलटं केलं, अंगठ्याने एकेक स्क्रू चाचपला आणि खणातून चावी काढली. दोन मिनिटं लागली. मी मोजत होतो.

त्याने मला ठकीसमोर ठेवलं आणि आपला तळवा माझ्या पितळी अंगावर टेकवला. “हं. वाजव.”

ठकी वाजवायला लागली. गाणं नाही, बेस नाही, राजे नाही, नुसता ठेका. टाक्-टाक्, टटाक्, आणि मग ती थांबली, जिथे थांबायचं तिथे. टाक्. माझ्या सगळ्या तारा एकदम शहारल्या. मामाचे डोळे मिटलेले होते. ती वाजवत राहिली. स्वतःचंच वाजवणं तिच्या हातांना कितीतरी दिवसांनी भेटत होतं, हे मला आतून कळत होतं. पुरी पाच मिनिटं झाल्यावर मामाने डोळे उघडले.

“डावा हात आळशी झालाय तुझा,” तो म्हणाला. “सगळं उजव्यावर ढकलतेस. कसली सवय लावून घेतलीस ही?”

त्या पॅडची, आणखी कसली! हळू मारलं तरी तिथे जोरातच वाजायचं, मग डाव्या हाताने कशाला कष्ट घ्यावेत? दोन महिने हजारो लोकांनी तिच्या ड्रमची तारीफ केली आणि त्यातलं एक अक्षरही तिचं नव्हतं. ही चूक मात्र अस्सल तिची होती. मामाच्या तळव्याने ती बरोबर शोधून काढली. ठकीचा चेहरा असा उजळला की रागावणाऱ्याकडे कुणी असं बघत असेल यावर तुमचा विश्वास बसायचा नाही.

मित्रांनो, गाणं अजून तसंच वाजतं आहे. कव्हरवर मी आहे आणि आत तो भलताच. पुढच्या कार्यक्रमाला मीच वाजणार असं ठकीने राजेला सांगितलंय, राजे अजून तोंड फुगवून आहे, आणि माझा राग गेला आहे असं मी खोटं सांगणार नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. चारजण मिळून काही कराल तेव्हा नुसता आपापला वाटा ऐकून माना हलवू नका. जो त्या दिवशी येऊ शकला नाही, त्याचाही ऐका. आणि कुणी जीव ओतून काही दाखवायला आलं, तर ‘मस्त, मस्त’ म्हणून वाटेला लावू नका. जरा जवळ बसा, हात लावून बघा. चूक काढलीत तरी चालेल, फक्त ती त्याचीच असू दे.

आता थांबतो. मामाने “पुन्हा” म्हटलंय, आणि ठकीने डावी काठी उचलली आहे.